ओपीटीचा अर्ज: तारखा कशा मोजायच्या, कुठलं काम आधी करायचं आणि गाडी नेमकी कुठे घसरते

अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकणाऱ्या पोरांचे ओपीटीबद्दल, म्हणजे शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करायच्या परवानगीबद्दल, दर सेमिस्टरच्या शेवटी तेच ते मेसेज येतात. फॉर्म भरला पण नवीन आय-२० (कॉलेज देतं तो विद्यार्थी असल्याचा दाखला) घेतलाच नव्हता, पदवीदान समारंभाच्या तारखेपासून ६० दिवस मोजले, कामाच्या परवानगीचं कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं. यातली एकही चूक हुशारीच्या अभावाने झालेली नसते, सगळ्या क्रम चुकल्याने आणि तारखा चुकल्याने होतात. माझ्या ओळखीतल्या एकाचा अर्ज फक्त यासाठी नाकारला गेला की त्याने सगळं बरोबर केलं पण उलट्या क्रमाने केलं, आणि तोवर अर्जाची खिडकी बंद झाली होती. म्हणून हे एकदा नीट, पायरीपायरीने लिहितेय.

एक गैरसमज आधीच काढून टाका. ओपीटी हा वेगळा व्हिसा नाही. तुमचं स्टेटस एफ-१ च राहतं, त्यावर काम करायची तात्पुरती परवानगी मिळते, पदवीच्या प्रत्येक वरच्या पातळीला १२ महिने. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प फक्त देशात शिरण्यासाठी असतो, त्यामुळे स्टॅम्प संपला तरी ओपीटीचा अर्ज करता येतो, आणि उलट स्टॅम्प पाच वर्षांचा आहे म्हणून काम करता येतं असंही नाही. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं जातं.

१. आधी पात्रता बघा, मग तारखा कागदावर लिहा

पात्रतेत तीन गोष्टी. निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल टाइम शिक्षण झालेलं हवं. त्याच पातळीवर १२ महिने किंवा जास्त फुल टाइम सीपीटी (शिकत असतानाच कॉलेजच्या परवानगीने केलेलं, कोर्सशी जोडलेलं काम) वापरलेली नको, तेवढी वापरली तर त्या पातळीची ओपीटी गेलीच (पार्ट टाइम सीपीटीने काही बिघडत नाही). आणि काम तुमच्या मेजरशी थेट संबंधित हवं.

आता तारखा. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आय-२० वर जी प्रोग्रॅम एंड डेट छापलेली आहे तीच तुमची तारीख. समारंभ कधी आहे, शेवटचा पेपर कधी झाला, डिग्री हातात कधी येणार, यातलं काहीही मोजायला धरायचं नाही. थीसिसवाल्यांनी तर डीएसओला, म्हणजे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या ज्या अधिकाऱ्याकडे तुमचा सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी सिस्टिम) रेकॉर्ड असतो त्यांना, आधीच विचारून घ्यावं की माझी एंड डेट बदलणार आहे का, कारण ती मागेपुढे झाली की खालचं सगळं गणित सरकतं.

समजा एंड डेट १५ मे आहे, आणि वर्ष लीप नाही. मग:

- अर्ज करायची खिडकी उघडते ९० दिवस आधी, म्हणजे १४ फेब्रुवारीला.
- ती बंद होते ६० दिवसांनंतर, म्हणजे १४ जुलैला. त्या दिवशीपर्यंत अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोचलेला हवा, नुसता पोस्टात टाकलेला चालत नाही.
- ओपीटी सुरू व्हायची तारीख तुम्ही निवडायची, १६ मे ते १४ जुलै यामधली कुठलीही.
- डीएसओने सेविसमध्ये शिफारस टाकली की त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज पोचायला हवा. १ मार्चला टाकली तर ३१ मार्च.

चौथी ओळ लोक विसरतात. ६० दिवसांची मुदत शिल्लक आहे म्हणून निवांत बसतात आणि इकडे ३० दिवस उलटून जातात. दोन्हीपैकी जी मुदत आधी संपते ती तुमची मुदत.

तपासा: हे चारही आकडे स्वतःच्या एंड डेटवरून काढून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलेत का? टाकले नसतील तर पुढे वाचू नका, आधी टाका.

२. सुरुवातीची तारीख निवडताना घाई नको

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून जरा थांबते. सुरुवातीच्या तारखेपासून दोन घड्याळं चालू होतात. एक १२ महिन्यांचं आणि दुसरं बेरोजगारीच्या ९० दिवसांचं. हे ९० दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार रविवार सुट्ट्या सगळं धरून, आणि सलग नाही तर एकूण. ते संपले की स्टेटसच धोक्यात येतं.

त्यामुळे हातात ऑफर आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉइन व्हायचंय तर तारीख त्याच्या जरा आधीची घ्या. हातात काहीच नसेल तर उशिराची तारीख घेतलेली बरी, कारण एंड डेट ते सुरुवातीची तारीख हे मधले दिवस बेरोजगारीत मोजले जात नाहीत, तेवढाच नोकरी शोधायला जास्त वेळ मिळतो. "लवकर घेतली की लवकर सेटल" हा विचार करून १६ मे टाकणारे ऑगस्टमध्ये रडकुंडीला येतात हे मी दोनतीनदा डोळ्यांनी बघितलंय.

आणि एक. अर्ज उशिरा केला आणि मंजुरीच तुम्ही मागितलेल्या तारखेनंतर आली तर कार्ड मंजुरीच्या दिवसापासून सुरू होतं. पण पदवीनंतरची ही १२ महिन्यांची ओपीटी एंड डेटपासून १४ महिन्यांच्या आत संपायलाच हवी. म्हणजे फार उशीर केला तर १२ महिन्यांतले काही दिवस फुकट जातात.

इशारा: एकदा कार्ड मंजूर झालं की ओपीटी परत देऊन पुढे ढकलता येत नाही, नोकरी मिळाली नाही म्हणून पुढच्या वर्षी घेते असं होत नाही. मंजुरीच्या आधी अर्ज मागे घेता येतो, तेही डीएसओशी बोलूनच.

३. डीएसओकडून नवीन आय-२०

फॉर्म भरायच्या आधी हे. आधी म्हणजे आधीच. कॉलेजच्या पोर्टलवर ओपीटीची विनंती टाकायची, बहुतेक ठिकाणी अॅडव्हायजरची सही किंवा पदवी पूर्ण होत असल्याची खात्री लागते, मग डीएसओ सेविसमध्ये शिफारस टाकतात आणि नवीन आय-२० देतात. सेमिस्टरच्या शेवटी या ऑफिसांमध्ये रांग असते, एका दिवसात होईल असं धरून चालू नका, दोन आठवडे हातात ठेवा.

नवीन आय-२० आला की लगेच दुसरं पान उघडा. तिथे पोस्ट कम्प्लिशन ओपीटी, तुम्ही मागितलेल्या तारखा आणि रिक्वेस्टेड असा शेरा दिसायला हवा. दिसत नसेल तर तो ओपीटीचा आय-२० नाही. मग पहिल्या पानावर स्वतःची सही करा, तारीख घाला. बिनसहीचा आय-२० अपलोड करणं ही इतकी साधी चूक आहे आणि इतकी वारंवार होते की काय सांगू.

तपासा: नाव, जन्मतारीख, मेजर, पदवीची पातळी, एंड डेट. काही चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, अर्ज गेल्यावर ते दसपट अवघड होतं.

४. कागद एका फोल्डरमध्ये

अर्ज उघडायच्या आधी हे सगळं स्कॅन करून एका जागी ठेवा:

- सही केलेला नवीन आय-२०
- पासपोर्टचं फोटोचं पान, आणि स्टॅम्पचं पान
- आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), सीबीपीच्या म्हणजे सीमा तपासणी खात्याच्या साइटवरून ताजा काढलेला
- २ बाय २ इंचाचा ताजा फोटो, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून
- आधी कधी ईएडी कार्ड (हेच ते कामाच्या परवानगीचं कार्ड) मिळालं असेल तर त्याच्या दोन्ही बाजू
- सीपीटी किंवा आधीची ओपीटी वापरली असेल तर ते दाखवणारे जुने आय-२०, आणि वेगळा सेविस नंबर असेल तर तोही

फोटोबद्दल एवढंच सांगते की व्हिसासाठी दिला होता तोच परत टाकू नका. शेवटच्या ३० दिवसांतला हवा, आणि जुना फोटो ओळखू येतो कारण तो त्यांच्याकडे आहेच. आय-९४ मात्र लोक बघतच नाहीत. नीट वाचा, त्यावर एफ-१ आणि डी/एस (म्हणजे स्टेटस टिकेल तोवर राहता येतं) असं आहे का, नाव पासपोर्टसारखं आहे का. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, मग आय-२० वर एक, आय-९४ वर दुसरं आणि बँकेत तिसरंच असं होऊन बसतं. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे नाव लिहा आणि दुसऱ्या कागदांवर वेगळं असेल तर इतर नावांच्या रकान्यात ते द्या.

५. आय-७६५ भरणं

आय-७६५ म्हणजे कामाच्या परवानगीसाठीचा अर्जाचा फॉर्म. ऑनलाइनच भरा. पैसे भरले की त्याच दिवशी पावती येते, मुदतीची काळजी मिटते आणि फीसुद्धा कमी असते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ऑनलाइनला ४७० डॉलर आणि कागदी अर्जाला ५२० डॉलर. फी बदलत असते, तेव्हा भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर एकदा बघा, सिनियरने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. अर्धवट फॉर्म शेवटच्या बदलापासून ३० दिवस सेव्ह राहतो, नंतर उडतो.

आता जिथे हात चुकतो ते रकाने.

कॅटेगरी: पदवीनंतरच्या ओपीटीला सी-३-बी. पदवीच्या आधीची असते ती सी-३-ए आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) एक्स्टेन्शनची, म्हणजे वाढीव ओपीटीची, सी-३-सी. मेजर स्टेम आहे म्हणून पहिल्याच अर्जात सी-३-सी निवडणारे दरवर्षी भेटतात. तुमचं मेजर काहीही असो, पहिले १२ महिने सी-३-बी वरच मिळतात.

आधी आय-७६५ भरलाय का: सीपीटी केली म्हणून इथे हो म्हणू नका. सीपीटीची परवानगी कॉलेज देतं, त्याला हा फॉर्म लागतच नाही. हा फॉर्म आधी खरंच भरला असेल, जसं आधीच्या पदवीच्या ओपीटीसाठी, तरच हो.

ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर): आधी ईएडी मिळालं नसेल तर बहुतेकांकडे तो नसतोच. रकाना रिकामा ठेवा. एन ने सुरू होणारा सेविस नंबर तिथे टाकायचा नाही, त्याचा रकाना वेगळा आहे.

शेवटचं आगमन: ज्या विमानतळावर इमिग्रेशन झालं ते ठिकाण. तिथून देशांतर्गत विमान पकडून कॉलेजच्या गावी गेलात तर ते गाव नव्हे.

सोशल सिक्युरिटी नंबर: अजून नसेल तर याच फॉर्ममध्ये मागायची सोय आहे का ते बघा, असेल तर वेगळी फेरी वाचते.

पत्ता: हा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण यावर कार्ड येणार आहे. पुढचे तीनचार महिने टिकणारा पत्ता द्या. लीज मेमध्ये संपणार आणि तुम्ही दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर विश्वासातल्या मित्राचा पत्ता केअर ऑफ लिहून द्या, त्याच्या पेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. पोस्टात फॉरवर्डिंग लावलंय म्हणून कार्ड मागोमाग येईल अशी आशा ठेवू नका, अशी कार्डं परत जातात.

इशारा: अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा. परीक्षा संपली, घरी जाऊन आरामात भरते, असं चालत नाही, नाकारला जातो.

तपासा: सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्मची पीडीएफ उतरवा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, आय-२० शेजारी ठेवून एकेक ओळ. आणि अपलोड केलेली प्रत्येक फाइल उघडून बघा, जुना आय-२० जाण्याची चूक इथेच पकडली जाते.

६. वाट बघण्याचा काळ

पावतीचा नंबर जपून ठेवा, यूएससीआयएसच्या खात्यात रोज नाही पण आठवड्यातून एकदा बघा. अजून कागद मागणारं पत्र आलं, ज्याला सगळे आरएफई म्हणतात, तर घाबरू नका, पण उत्तर एकदाच देता येतं, म्हणून मागितलेलं सगळं एकत्रच आणि मुदतीत पाठवा. पाठवण्यापूर्वी डीएसओला दाखवा. जॉइनिंग जवळ आली असेल तर जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेता येतं, त्यात ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. ऑफरच नसेल तर ते पैसे वाचवा.

पत्ता बदलला तर १० दिवसांत यूएससीआयएसला आणि कॉलेजला, दोन्हीकडे कळवायचं. एकीकडे कळवलं की दुसरीकडे आपोआप जात नाही.

आणि काम. मंजुरी येऊन कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडल्याशिवाय एक दिवसही नाही. कंपनी म्हणाली नुसतं ट्रेनिंगला ये, पगार नंतर, तरी नाही. कॅम्पसवरची नोकरीसुद्धा प्रोग्रॅम एंड डेटला थांबते, तिथे चालू ठेवून लोक नकळत बेकायदा काम करून बसतात आणि ते पुढच्या प्रत्येक अर्जात आडवं येतं.

परदेश प्रवास शक्यतो टाळा. अर्ज प्रलंबित असताना पावती, डीएसओची प्रवासाची सही असलेला आय-२० आणि वैध स्टॅम्प घेऊन परत येता येतं, पण स्टॅम्प संपलेला असेल तर नवीन मिळेलच याची खात्री नाही. मंजुरीनंतर कार्ड आणि ऑफर लेटर दोन्ही सोबत हवं, आणि ओपीटीत ती प्रवासाची सही ६ महिनेच चालते. ओपीटीचा अर्ज न करता एंड डेटनंतर देश सोडला तर मात्र एफ-१ संपला, परत येऊन अर्ज करता येत नाही.

७. कार्ड आल्यावरची कामं

कार्ड आलं की पार्टीच्या आधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, कॅटेगरी आणि दोन्ही तारखा वाचा. चूक असेल तर लगेच कळवा. मग सेव्हिप पोर्टलचा (ओपीटीवाल्यांनी नोकरीची नोंद करायची सरकारी साइट) ईमेल येतो, तो कित्येकदा स्पॅममध्ये पडतो, शोधून खातं उघडा.

नोकरी लागली की १० दिवसांच्या आत तिथे नोंद करा: कंपनीचं नाव, पत्ता, सुरुवातीची तारीख, आणि काम मेजरशी कसं जोडलेलं आहे ते दोनतीन वाक्यांत. "सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे" एवढं पुरत नाही, कुठल्या विषयात शिकलेलं कुठे वापरताय ते लिहा. नोंद केली नाही तर तुम्ही रोज ऑफिसला जात असलात तरी सिस्टिमच्या दृष्टीने बेरोजगार आहात आणि ९० चा आकडा पुढे सरकतोय. नोकरी प्रत्यक्षात असूनही नुसत्या नोंदीअभावी रेकॉर्ड बंद व्हायची वेळ आलेली मुलगी माझ्या माहितीत आहे, तिचे ते आठवडे कसे गेले ते बघितल्यापासून मी हे प्रत्येकाला सांगते.

मनासारखी नोकरी मिळत नसेल तर पदवीनंतरच्या या पहिल्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं, मेजरशी संबंधित बिनपगारी कामही धरलं जातं, कामगार कायद्याला धरून असेल तर. एखाद्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये किंवा सामाजिक संस्थेत असं काम मिळू शकतं, पत्र लेखी घ्या, तास लिहून ठेवा.

इशारा: पैसे घेऊन नुसतं ऑफर लेटर देणाऱ्या, "तुमचा काउंट थांबवतो" म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीपासून लांब राहा. काम नाही, पगार नाही आणि कागदावर मात्र नोकरी, ही सरळ फसवणूक आहे आणि तिची किंमत पुढे व्हिसाच्या खिडकीवर तुम्हीच मोजता. ९० दिवस संपत आले असतील तर डीएसओशी बोला, दुसऱ्या कोर्सला प्रवेश घेणं किंवा घरी परतणं हे दोन्ही मार्ग त्यापेक्षा हजारपट बरे. पण दुसरा कोर्स सुरू केला किंवा सेविस रेकॉर्ड ट्रान्सफर केला की चालू ओपीटी संपते हे लक्षात ठेवा.

पहिल्या पगाराची स्लिप हातात आली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात बघा. एफ-१ वर असताना करासाठी नॉनरेसिडेंट असाल, आणि पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुतेक विद्यार्थी असतात, तर ही कपात व्हायला नको. एचआरला लगेच सांगा, नाही ऐकलं तर फॉर्म ८४३ ने परतावा मागता येतो.

८. स्टेम एक्स्टेन्शन

पदवी स्टेमच्या यादीत असेल तर आणखी २४ महिने. खिडकी कार्ड संपायच्या ९० दिवस आधी उघडते, म्हणजे कार्ड ३० जूनला संपत असेल तर १ एप्रिल, आणि कार्ड संपायच्या दिवसापर्यंतच चालू असते. इथे नंतरचे ६० दिवस नाहीत. पहिल्या वेळची सवय धरून लोक इथेच चुकतात.

क्रम परत तोच: आधी कागद, मग डीएसओ, मग फॉर्म. कागद म्हणजे आय-९८३, तुमचा आणि मॅनेजरचा मिळून केलेला ट्रेनिंग प्लॅन, त्यावर कंपनीची सही लागते आणि मोठ्या कंपन्यांमध्ये ती सही मिळायला कधीकधी महिना जातो, तर मार्चपासूनच मागे लागा. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी पडताळायची सरकारी ऑनलाइन सिस्टिम) असायला हवी, काम पगारी आणि आठवड्याला किमान २० तास. डीएसओच्या शिफारशीनंतर यावेळी ६० दिवस मिळतात. वेळेत अर्ज केला आणि मधे कार्ड संपलं तर निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त १८० दिवस, काम चालू ठेवता येतं. बेरोजगारीचे दिवस दोन्ही काळांचे मिळून १५०.

मिळाल्यावर दर ६ महिन्यांनी माहितीची खात्री करून द्यायची, १२ महिन्यांनी आणि शेवटी मूल्यमापन भरायचं. नोकरी बदलली की नवीन आय-९८३, १० दिवसांत.

९. मुदत संपत आली की

एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) साठी निवड झाली आणि कंपनीने ओपीटी चालू असतानाच चेंज ऑफ स्टेटससह (एफ-१ वरून एच-१बी वर जाण्याच्या विनंतीसह) अर्ज टाकला तर कॅप-गॅप, म्हणजे ओपीटी संपल्यापासून एच-१बी सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळाची सवलत, लागू होतो. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे तो पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत किंवा एच-१बी सुरू होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. एचआरला याचा नवीन कागद लागतो, म्हणून पावती आली की डीएसओकडून कॅप-गॅपचा आय-२० मागून घ्या.

निवड झाली नसेल तर कार्ड संपल्यावर ६० दिवस राहता येतं, काम मात्र करता येत नाही. नवीन कोर्स, दुसरं स्टेटस किंवा परतीचं तिकीट, जे काही असेल ते त्या ६० दिवसांत बसवायचंय, तेव्हा डीएसओची वेळ कार्ड संपायच्या दोन महिने आधीचीच घ्या.